झऱ्याचं पाणी आणि मधाचं बोट

"सव्वीस!"

असनकुलच्या बायकोने यंत्रावरचा आकडा खणखणीत आवाजात वाचला, आणि झऱ्याभोवती जमलेल्या दीड-दोनशे माणसांच्या तोंडून "या अल्ला!" असा एकच सुस्कारा निघाला. निरोगी माणसाच्या रक्तातली साखर उपाशीपोटी आमच्याकडच्या मापात सहाच्या आत असते, हे एव्हाना आमच्या येती-बुलाक गावच्या मेंढ्यांनाही पाठ झालं होतं. सव्वीस म्हणजे हा माणूस अजून पायांवर उभा कसा, असाच प्रश्न.

ज्याचे सव्वीस निघाले तो एशिम ड्रायव्हर, शेजारच्या गावचा. पोट असं की गाडीचं चाक पोटानेच फिरवतो म्हणत. बिचाऱ्याचा चेहरा पिठासारखा झाला.

"घाबरू नकोस," जाड लोकरी नमद्याच्या तंबूतून असनकुल उठला. डोक्यावर उंच पांढरी टोपी, अंगात पांढरा झगा, दाढीला नुकतंच तेल. लोक त्याला उघड्या डोळ्यांचा माणूस म्हणत. आमच्याकडे ज्याला अदृश्य दिसतं त्याला असंच म्हणतात. "ही साखर तुझी नव्हेच. तुझ्या सात पूर्वजांपैकी कुणीतरी भुकेल्याच्या तोंडची भाकरी काढली, त्याचं हे देणं तुझ्या रक्तात उतरलंय. सातांची नावं घे."

आता सात पूर्वजांची नावं न येणारा किरगिझ म्हणजे मालक नसलेलं घोडं. एशिमने पाच नावं धडाधड घेतली, सहाव्याला अडखळला, घाम पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. नावं संपल्यावर असनकुलने तोटीच्या झारीतून झऱ्याचं पाणी त्याच्या हातांवर ओतलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"झटकू नकोस! झटकलेल्या थेंबाबरोबर घरातली बरकत जाते, आईने शिकवलं नाही? आणि पुसूही नकोस. झऱ्याचा आशीर्वाद काय फडक्याला द्यायचाय? हं, आता तेच बोट पुढे कर. ज्या बोटाने खाल्लं, त्याच बोटाने कबूल करायचं."

सुई टोचली. थेंब आला. यंत्राने टुंई केलं.

"नऊ!"

अहाहा, काय तो गलका! बायका रडायला लागल्या, म्हाताऱ्यांनी दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले, आणि एशिम ड्रायव्हरने असनकुलच्या झग्याचं टोक धरून त्यावर डोळे टेकवले. अर्ध्या घटकेत सतरा आकडे खाली! डोंगरापलीकडच्या इस्पितळात सतरा महिन्यांत उतरले नसते.

या सगळ्या गर्दीत एकच बाई तोंड आवळून उभी होती. झूरा. गावच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं काढलेली. ती काही डॉक्टर नव्हती, पण डॉक्टर बसतो डोंगरापलीकडे, तेव्हा गावाची डॉक्टर तीच. वाळल्या काटकीसारखी अंगाने आणि जिभेनेही तशीच टोकदार. तिने पिशवीत स्वतःचं साखर मोजायचं यंत्र आणलं होतं, कारण रांगेत पुढचा नंबर तिच्या थोरल्या बहिणीचा होता.

थोरल्या बहिणीला आमच्याकडे एजे म्हणतात. झूराची बुरुल एजे म्हणजे एकशे बारा किलोंची बाई. चौकात तिचा तंदूर. गावातल्या प्रत्येक पोटात बुरुलचा नान गेलेला. "बुरुल वाकली की तंदूरलाच घाम फुटतो," म्हणून हसणारेही तिचाच नान खात हसायचे, आणि ती त्यांच्याहून मोठ्याने हसायची. सहा वर्षांपूर्वी साखर निघाली. आधी गोळ्या, मग इन्सुलिनची इंजेक्शनं. निभत होतं.

पण गेले दोन महिने काय झालं होतं कोण जाणे, आकडा पंधराच्या खाली येईना. इंजेक्शनचा डोस दुप्पट केला, तरी हा ढिम्म. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "बाई, यंत्र खोटं बोलत नाही. तुम्ही बोलता."

"मुलांची शपथ, डॉक्टर, जॅमला हातसुद्धा लावत नाही," बुरुल म्हणाली होती.

झूराचाही विश्वास बसला नव्हता. एक दिवस बहीण तंदूरवर असताना तिने तिची कपाटं उघडली, पिठाचे डबे उपसले, उशांखाली हात घालून बघितलं. साखरेचा खडा सापडला नाही. मान वर केली तर दारात बुरुल उभी.

"सापडलं काही?" बुरुल म्हणाली. "गादी पण उचलून बघ की. तुला काय, एका हाताने उचलशील."

त्या दिवसापासून बहिणी बोलत होत्या ते कामापुरतं. आणि आठच दिवसांत झऱ्यावर हा असनकुल उगवला. त्याने बुरुलला पहिल्या भेटीत सांगितलं, "तुझी चूक नाही, बहिणी." बस. तेवढ्या एका वाक्यावर बुरुल त्याची झाली. सहा वर्षांत ते तिला दुसरं कुणी म्हणालंच नव्हतं.

"बुरुल, ये!"

बुरुल पुढे झाली. किंचित लंगडत होती.

"पायाला काय झालं, एजे?" झूराने विचारलं.

"बूट चावतो. तू तुझं बघ."

"असनकुल बैके," झूरा मोठ्याने म्हणाली. बैके म्हणजे दादा, ते म्हणावंच लागतं, समोर चोर असला तरी. "तुमच्या यंत्राचा भरवसा काय? माझ्या यंत्रावर मोजा."

गर्दी चरकली. असनकुल मात्र असा हसला की जणू याच वाक्याची वाट बघत बसला होता. "मोज ना, पोरी! तुझं यंत्र, तुझी सुई, तुझा हात. झऱ्याला कसली भीती? पण आधी दाराशी आलेल्याचा मान."

त्याच्या बायकोने, कालबूबूने, नेहमीप्रमाणे तबक पुढे केलं. गरम नान आणि वाडगाभर पांढरा डोंगरी मध. बुरुलने तुकडा मोडला, मधात बुडवला, खाल्ला. पुढे आलेली भाकरी नाकारायची नाही, निदान चाखायची, हे तर मूल बोलायच्या आधी शिकतं. झूराला त्यात वावगं काही दिसलं नाही. एक घास मधाने लगेच काय होणार? तिने पिशवीतून स्पिरिटचा बोळा तेवढा काढला.

"अं हं!" असनकुलने हात वर केला. "स्पिरिट म्हणजे दारूच की! पवित्र झऱ्यावर दारू?"

"आवर तो बोळा, मुली, पाप लागेल!" पुढे बसलेल्या ऐम्कान आजी करवादल्या. झूराने बोळा परत ठेवला. जुन्याजाणत्या बायका, पवित्र जागा. कशाला उगाच तंटा, एवढंच तिच्या मनात आलं.

तिने बहिणीच्या बोटाला सुई टोचली. यंत्र म्हणालं चोवीस.

मग सात नावं झाली, तीनदा पाणी झालं. ओल्या बोटाला पुन्हा सुई. झूराने आकडा बघितला. पुन्हा बघितला.

"वाच की!" लोक ओरडले.

"आठ," झूरा म्हणाली. मागच्यांना ऐकूच गेलं नाही.

"मोठ्याने!"

"आठ!"

यंत्र तिचं, सुई तिची, हात तिचा. असनकुलला आता सनद मिळाली. "ऐकलंत? सरकारी दवाखान्याने शिक्का मारला!" तो ओरडला, आणि लोक झूराकडे बघून असे हसले की तिला झऱ्यात तोंड खुपसावंसं वाटलं. बुरुलने पिशवीतून इन्सुलिनच्या तिन्ही पेना काढल्या आणि एकेक करून ओढ्यात टाकल्या.

"एजे, नको! तुझ्या पाया पडते!"

"आता पाया पडतेस?" बुरुल म्हणाली. "कपाट उपसलंस तेव्हा कुठे होती ही माया? तुझं यंत्र आज पहिल्यांदा माझ्या बाजूने बोललंय, झूरा. बोलू दे त्याला."

पुढचे चार दिवस बुरुलचं दार आतून बंद. झूरा सकाळी जायची, दार वाजवायची, आतून आवाज यायचा, "बरी आहे. जा." तंदूरही थंड. पाचव्या दिवशी झूराने खिडकी ढकलली, आणि तिला वास आला. एकोणीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईला तो वास कशाचा ते सांगावं लागत नाही. ती खिडकीतूनच आत उतरली.

बुरुल गादीवर पडली होती. अंग तापलेलं, ओठ सुकलेले, शेजारी पाण्याचे रिकामे तांबे. उजवा पाय उशीवर. अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलेलं, पाऊल भाकरीसारखं फुगलेलं, आणि घोट्यावरून एक लाल रेघ वर चढत चाललेली.

"हे कधीचं?" झूराने विचारलं.

"तंदूरमधला निखारा बुटात पडला होता. कळलंच नाही मेलं. पायाला कुठे काही कळतं हल्ली? रात्री बूट काढला तेव्हा फोड दिसला."

"कधी, एजे?"

"झाले दोनेक महिने."

झूराने पाय हलकेच हातात घेतला. दोन महिने! आकडा बिघडला ते दोन महिने! आणि आपण पिठाचे डबे उपसत होतो. पायातला बूट काढून बघितलं नाही. साखरेच्या रोग्याचे पाय बघा म्हणून ज्या बाईच्या दवाखान्यात भिंतभर चित्र लावलंय, तिने सख्ख्या बहिणीचे पाय बघितले नाहीत. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"सांगितलं का नाहीस मला?"

"तू परत म्हणाली असतीस, खातेस म्हणून बरं होत नाही." बुरुलने डोळे मिटले. "असनकुल बैके म्हणाले ही आग चांगली आहे. साखर पायावाटे बाहेर पडतेय. जितका पाय तापेल तितकं रक्त थंड होईल. कुणाला कापू देऊ नकोस म्हणाले."

"अगं, उलट आहे ते! हा पाय आजच्या आज इस्पितळात गेला नाही ना, तर जीव जाईल तुझा! बोट दे, साखर मोजते."

बुरुलने मूठ घट्ट आवळली. "मोजलीस की तू. आठ आहे. आज दुपारी ते शेवटचं स्नान घालणारेत. मग तीन दिवस तंबूत ठेवून घेणार. शेजारचे न्यायला येताहेत. तू आडवी आलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

आता अशा शपथेपुढे काय बोलणार? आणि तीन दिवस काढण्याइतका वेळ त्या पायात उरलेला नव्हता, हे झूराला स्पष्ट दिसत होतं. ती धावत दवाखान्यात आली. इस्पितळाला फोन केला. गाडी पाठवतो, पण रोगी येत नाही म्हणाला तर आम्ही काय उचलून न्यायचं का, असं उत्तर आलं. खरंच होतं ते. आणि बुरुल यावी कशाला? खुद्द झूराच्या यंत्राने तिला बरी ठरवलं होतं.

ती खुर्चीत बसून हमसून रडली. कालपासून पोटात काही नव्हतं, म्हणून रडता रडताच तिने फडताळातला शिळा नान आणि जर्दाळूच्या जॅमची बरणी घेतली. चमचा सापडेना. बोटानेच जॅम लावून चार घास घशाखाली ढकलले. समोर टेबलावर ते मेलं यंत्र पडलं होतं.

"तूच बिघडलं असशील," ती यंत्राला म्हणाली, आणि स्वतःच्याच बोटाला सुई टोचली.

वीस.

झूराचं रडणं थांबलं. वीस? आपल्याला? अंगावर मूठभर मांस नाही, गेल्याच महिन्यात रक्त तपासलेलं! तिने आकडा पुन्हा वाचला. मग तिचं लक्ष बोटाकडे गेलं. नखाच्या कडेला जॅम चकाकत होता.

ती उठली. साबणाने हात खसखसून धुतले, कोरड्या फडक्याने पुसले, पुन्हा टोचलं.

पाच पूर्णांक एक.

मग तिने पुन्हा बोटाला जॅम लावला, नुसतं जिभेने चाटून साफ केलं, म्हणजे दिसायला काही राहिलं नाही, आणि टोचलं. अठरा. पुन्हा साबण. या वेळी पुसलंच नाही, बोट ओलंचिंब ठेवून टोचलं. थेंब पाण्यात पसरून गुलाबी झाला. यंत्र म्हणालं तीन.

"अगं माझ्या आई!" झूरा त्या रिकाम्या खोलीत ओरडली.

पहिल्या दिवशी शिकवलेला पहिला धडा: हात धुवा, कोरडे करा, मग टोचा. एकोणीस वर्षं ती तो शिकवत आली होती. आणि झऱ्यावर पवित्र जागा, ऐम्कान आजी आणि दाराशी आलेली भाकरी, या तिघांपुढे तो विसरली होती. असनकुलला काही जादू यावी लागत नव्हती. आपण भाकरीला नाही म्हणणार नाही आणि हाताचं पाणी झटकणार नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. बाकीचं काम आपल्या आयांनीच करून ठेवलेलं.

चारही बोटांना भोकं पडलेली झूरा नान, जॅमची बरणी आणि यंत्र घेऊन झऱ्याकडे सुटली.

झऱ्यावर आज लग्नासारखी गर्दी होती. बुरुलला गाडीवरून उतरवून तंबूच्या दाराशी टेकवून बसवलं होतं. डोळे अर्धे मिटलेले. असनकुलचं रोजचं उद्‌घाटन चाललं होतं. दर दुपारी आधी तो स्वतःच्या बोटाला टोचून दाखवायचा. आज आकडा आला चार.

"चार!" तो म्हणाला. "बारा वर्षं झाली, या झऱ्याच्या पिराने स्वप्नात येऊन माझं रक्त धुतलं. तेव्हापासून चार. लग्नात चार, मयतीत चार. घोड्याचं लोणी खा, मेंढीचं शेपूट खा, चारच!"

"वा, बैके!" गर्दीतून वाट काढत झूरा पुढे आली. "मी माफी मागायला आलेय. त्या दिवशी तुमच्यावर संशय घेतला. माझ्या हातची भाकरी चाखा, म्हणजे मन साफ झालं असं मी समजेन."

तिने दोन्ही हातांवर नान पुढे धरला. वर जॅम थापलेला, असा की तुकडा मोडताच बोटं बरबटावीत.

असनकुलने जॅमकडे बघितलं. मग झूराच्या बोटांवरच्या भोकांकडे बघितलं. त्याचं हसू तसंच राहिलं, पण कपाळावर घाम आला.

"माफ केलं, माफ केलं. आत्ताच जेवलोय, पोरी."

"एक घास, बैके."

"पोट भरलंय म्हणतो ना!"

"काय?" ऐम्कान आजी काठी टेकत उठल्या. कान गेले होते तरी हे बरोबर ऐकू आलं. "भाकरीला नाही म्हणतोस? समोर धरलेल्या भाकरीला? अरे, लढाईच्या वर्षात आम्ही झाडाच्या साली उकडून खाल्ल्या. माझ्या आईने भाकरीच्या तुकड्यासाठी कानातलं विकलं. आणि तू देवाचा माणूस म्हणवतोस?"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. आमच्याकडे चोरी माफ होईल, बायको पळवलेलीही कालांतराने माफ होईल, पण भाकरीला पाठ माफ होत नाही. असनकुलने डावा हात पुढे केला.

"डाव्या हाताने?" आजी कडाडल्या.

त्याने उजव्या हाताने तुकडा मोडला. तोंडात टाकला. बोटं घाईघाईने चाटली आणि झग्याकडे नेली, पण झूराने मनगट पकडलं. काटकीसारखी बाई, पण एकोणीस वर्षं अडलेल्या बायकांना आधार दिलेला हात तो. "पुसू नका, बैके. आशीर्वाद फडक्याला देऊ नका. ज्या बोटाने खाल्लं, त्याच बोटाने कबूल करायचं, असंच ना?"

टोचलं. यंत्र तिने ऐम्कान आजींच्या हातात दिलं. आजींना दिसेना. त्यांनी ते एशिम ड्रायव्हरकडे दिलं.

"सत्तावीस," एशिम म्हणाला. मग त्याला काय वाचलं ते कळलं. "सत्तावीस! अरे, हा तर माझ्यापेक्षा मेलेला!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. असनकुल ओरडला, "करणी! हिने जॅममध्ये करणी केली!"

"करणी नाही, साखर आहे!" झूराही ओरडली. "बोटाला लागलेली! यंत्राला काय कळतं, साखर रक्तातली की बोटावरची? दाराशी मध चाखायला लावतो, त्याच बोटाला टोचतो, म्हणून आकडा चढतो. मग तीनदा पाणी ओततो, मध धुऊन जातो. वर पुसू देत नाही, म्हणजे ओल्या बोटावर रक्त पाण्यात मिसळतं आणि आकडा खऱ्याहूनही खाली पडतो. रक्तात काही चढत नाही की उतरत नाही. कुणालाही बोलवा! माझ्या हातात बघा, चार भोकं आहेत. वीस, पाच, अठरा, तीन. अर्ध्या तासात चारदा मेले आणि जगले मी!"

लोकांनी ऐकून सोडून दिलं नाही. तिथल्या तिथे आठ-दहा जणांनी मध लावून बघितला, धुऊन बघितला, पुसून बघितलं. दहा मिनिटांत झऱ्यावर आकड्यांचा बाजार भरला. एशिमने साबण मागवून हात धुतले, पुसले, बोटाला टोचलं. चौदा आले. ना सव्वीस ना नऊ. "म्हणजे मी गोळ्या बंद केल्या त्या..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. असनकुलकडे वळून बघितलं, तर तंबूची मागची बाजू उचललेली आणि उंच पांढरी टोपी चिखलात पडलेली.

झूराला त्याचं काही पडलं नव्हतं. ती बहिणीपुढे गुडघ्यांवर बसली. साबणाच्या पाण्याने तिचं बोट धुतलं, स्वच्छ रुमालाने कोरडं केलं. टोचलं. यंत्रावर आकडाच आला नाही. मोजता येणार नाही इतकी जास्त, एवढंच अक्षरात उमटलं.

"आठ ना?" बुरुल पुटपुटली.

"नाही, एजे. आठ कधीच नव्हती. मीच चुकीचं मोजलं होतं. चल आता."

बुरुलने शपथ घातली नाही. तेवढी ताकदच उरली नव्हती. एशिमने न विचारता गाडीचं दार उघडलं, सहा जणांनी तिला उचललं, आणि त्या वेळी तिच्या वजनावर एकही माणूस हसला नाही.

वाटेत खड्ड्याखड्ड्यांवर गाडी उडत होती. झूरा बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन बोलत राहिली, कारण ती गप्प झाली की बुरुलचे डोळे मिटायचे.

"एजे, ऐक. तंदूरच्या भिंतीला काजळी असली तर काय होतं?"

"गोळा चिकटत नाही," बुरुल म्हणाली. "राखेत पडतो."

"मग तू काय करतेस? जोराने थापतेस?"

"वेडी का तू? कितीही थाप. आधी भिंत साफ करायची."

"तसंच आहे बघ. रक्तातली साखर म्हणजे तुझा गोळा. ती अंगात नीट जागेवर लावायचं काम इन्सुलिनचं. पण अंगात कुठे दाह पेटला, जखम चिघळली, की त्याच्या धुराची काजळी अंगभर बसते. इन्सुलिन थापतंय थापतंय, साखर चिकटत नाही, रक्तातच पडून राहते. आम्ही डोस वाढवत बसलो. थापणारे हात वाढवले. भिंत बघितलीच नाही."

पुढून एशिमने विचारलं, "मग माझं काय? मला तर जखम नाही."

"तुमच्या पोटात आहे. वजन फार वाढलं की पोटाच्या चरबीतच बारीक दाह धुमसत राहतो. दिसत नाही, दुखत नाही, पण काजळी धरते. एजेचंही तेच होतं, त्यात निखाऱ्याची भर पडली. वजन थोडं जरी उतरलं, रोज चाललात, तरी ती धग कमी होते. पण ते महिनोन्महिन्यांचं काम आहे, बैके. तीन झाऱ्यांचं नाही."

बुरुलने डोळे उघडले. "म्हणजे पायामुळे चढत होती? खाण्यामुळे नाही?"

"पायामुळे, एजे."

बुरुलच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानात गेलं. इस्पितळ येईपर्यंत तिने झूराचा हात धरून ठेवला.

अर्धं पाऊल गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हा पाय दोन दिवस आधी आला असता तर दोन बोटांवर भागलं असतं, आणि एक दिवस उशिरा आला असता तर बोलायला कुणी उरलं नसतं. पहिल्या रात्री तिला इन्सुलिन द्यावं लागलं ते बादलीने. मग सडकं मांस निघालं, औषधांनी ताप उतरला, आणि चौथ्या दिवसापासून डोस निम्मा केला तरी आकडा खाली यायला लागला. सतरा, तेरा, नऊ. आठव्या दिवशी झूराने बहिणीचं बोट धुतलं, पुसलं, टोचलं आणि यंत्र तिच्यापुढे धरलं. सात.

बुरुलने यंत्र स्वतःच्या हातात घेतलं.

"म्हणजे मी चोरून खात नव्हते," ती म्हणाली.

"नव्हतीस."

"मोठ्याने म्हण."

वॉर्डात अकरा खाटा होत्या. राउंडवर आलेले तेच चष्मेवाले डॉक्टर दारात उभे होते. झूरा खाटेजवळ उठून उभी राहिली. "माझी बहीण चोरून खात नव्हती! ती खरं बोलत होती! खोटं आम्ही बोलत होतो!"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि पुढच्या खाटेकडे जायच्या आधी बुरुलचा दुसरा पाय वाकून बघितला.

असनकुलचा पत्ता नाही. डोंगरात झरे पुष्कळ आहेत आणि मध सगळीकडे मिळतो, तेव्हा तो कुठेतरी असेलच. म्हणून हे सांगायचं. कुणी चमत्काराने साखर उतरवून दाखवली तर साबणाने हात धुवा, कोरडे करा, आणि पुन्हा मोजा. औषध कुणाच्याही सांगण्यावरून ओढ्यात टाकू नका. रोज पाय बघा, दिसत नसतील तर दुसऱ्याला बघायला सांगा. आणि एखाद्या जाड माणसाचा आकडा चढला की त्याची कपाटं उपसू नका. लठ्ठ माणूस म्हणजे खोटारडा, हीदेखील अंधश्रद्धाच. असनकुलला गिऱ्हाइकं मिळतात ती याच अंधश्रद्धेच्या दुकानातून.

बुरुलचा तंदूर पुन्हा पेटला आहे. ती आता उंच स्टुलावर बसून काम करते, वजन अकरा किलोंनी उतरलंय, आणि शेजारी नळ, साबण, धुतलेलं फडकं ठेवलंय. नान मागणाऱ्याला आधी ती हात धुवायला लावते, मग विचारते, "पाय बघितलेस का आज?" परवा एक तरुण हसला, म्हणाला, "एजे, नान घ्यायला आलोय, पाय कशाला?"

बुरुलने झग्याखालून आपलं अर्धं पाऊल पुढे केलं.

"हा बघ," ती म्हणाली. "सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. इथे कुणी बघितलं नाही."

तरुणाने नान खाली ठेवला आणि तिथेच पायरीवर बसून बूट काढला.